ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा

प्रोग्राम सुरू करायच्या आधी स्क्रीनवर वाकून "अंदर कोणी हाय का?" असं ओरडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नुसतं ओरडून भागायचं नाही, कान लावून उत्तराची वाटही पाहायचे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हा आवाज माझ्या पाठीमागून आला आणि मी दचकून म्हटलं, "हो जी, मी आहे." सगळं ऑफिस हसलं. ते मात्र हसले नाहीत. बटणावरचं बोट उचलून म्हणाले, "आहे ना? मंग आधी बाहेर ये. तू अंदर असताना मी चालू कसा करू?"

मी खुर्चीवरून उठून भिंतीशी जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठं त्यांनी बटण दाबलं. आता बोला!

आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. आमचं ऑफिस भिलाईच्या रिसालीत, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. ट्रक तोलायचा जो मोठा वजनकाटा असतो, आमच्याकडे त्याला धरमकाटा म्हणतात, त्याचे प्रोग्राम आम्ही बनवतो. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधला फरक, आणि हातात पर्ची, म्हणजे पावती. ऐकायला एवढंच. मालकांना सगळे भैया म्हणतात. मी, खुर्सीपारचा पुष्पेंद्र, येणारी-जाणारी दोघं-तिघं, आणि काकाजी. काकाजी स्वतः नवं काही लिहायचे नाहीत. आम्ही लिहिलेलं वाचायचे, त्यातली घाण शोधायचे आणि ती आमच्याच हातानं उपसून घ्यायचे. आणि बरं का, बंद पडलेल्या प्रोग्रामशी त्यांचं काही भांडण नव्हतं. बंद पडला तर कोणीही दुरुस्त करतो. त्यांना संताप यायचा तो चालणाऱ्याचा.

"चालून राहिला ना?" मी एकदा चिडून म्हटलं.

"चालून राहिला, हे तं मलेही दिसते. पण तू उद्या लग्न करून गेली, तं याले उघडन कोण? तुह्या सासरी फोन लावू का आम्ही?"

हा फोन म्हणजे त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा खुंटा. चांगलं काम कोणतं? ज्याच्यानंतर करणाऱ्याला फोन येत नाही ते. नवा आलेला कोणीही प्रोग्राम उघडेल, वाचेल, बदलेल आणि जुन्या माणसाची आठवणही काढणार नाही, तर काम पक्कं. मी तिथं लागले तेव्हा त्यांच्या तोंडी एकच जप होता, "मी इथून गेलो का मले एकही फोन आला नाही पाहिजेन. आला, तं समजीन का माह्या साऱ्या मेहनतीवर पाणी पडलं." हे ते चहा पिताना म्हणत, जिना चढताना म्हणत, आणि खाली पेढे घेताना दुकानदारालाही ऐकवत. तो बिचारा दर वेळी मान डोलवायचा.

त्यांची तपासायची रीत भारी होती. प्रोग्रामचा एकेका कामापुरता जो तुकडा असतो, त्याला आम्ही फंक्शन म्हणतो. काकाजी लिहिणाऱ्याला उभं करायचे आणि ते फंक्शन मोठ्यानं, एका दमात वाचायला लावायचे. दम मध्येच संपला तर फंक्शन लांब आहे, तोडा. पुष्पेंद्रनं एकदा असं फंक्शन लिहिलं होतं की अटीत अट, "अगर" मध्ये "अगर", त्यात आणखी "अगर". वाचता वाचता त्याचा चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले आणि शेवटी तो टेबल धरून खाली बसला. काकाजींनी त्याला पाणी दिलं आणि प्रेमानं विचारलं, "आता समजलं का, कॉम्प्युटरले काय वाटत असन?"

नावांवरून तर महाभारत व्हायचं. मी घाईत एका आकड्याला 'टेम्प' नाव दिलं होतं, मग 'टेम्प टू', मग 'फायनल', मग 'फायनल न्यू'. काकाजींनी खुर्ची ओढली.

"पोरी, तुह्या आईनं तुले पोरगी वन म्हटलं होतं का?"

"नाही जी."

"मंग यानं काय पाप केलं? हे रिकाम्या गाडीचं वजन हाय ना? तं 'रिकाम्या गाडीचं वजन' म्हण त्याले. लाज कायची?"

खोटं का बोलू, तेव्हा मला ते निव्वळ छळवादी वाटायचे. भैयाही वैतागायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "काकाजी, ग्राहक को पर्ची चाहिए। पर्ची निकल रही है कि नहीं?" गंमत म्हणजे तेच भैया नव्या ग्राहकापुढे छाती काढून सांगायचे, "हमारे यहाँ तो मेंटेनन्स के लिए अलग आदमी रखा है!" आणि ग्राहक खाली उतरला की वर येऊन त्याच अलग आदमीला म्हणायचे, आज नका ना काही उकरू, उद्या डिलिव्हरी आहे. काकाजी हो म्हणायचे आणि उकरायचे.

एक किस्सा तर सांगायलाच पाहिजे. पुष्पेंद्रच्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती, आणि तिच्या डोक्यावर त्यानं लिहून ठेवलं होतं, "इसको मत छेड़ना, पता नहीं क्यों चलता है।" काकाजींनी ते वाचलं, चष्मा काढला आणि खाली गेले. आम्हाला वाटलं, रागावून घरी गेले. पाचेक मिनिटांत हार, उदबत्ती आणि पेढे घेऊन वर आले. मॉनिटरला हार घातला, उदबत्ती ओवाळली, पुष्पेंद्रला हात जोडून उभं केलं.

"समजत नाही, पण चालते. अन् हात लावायची भीती वाटते. याले देव म्हणतात बाबू. पूजा कर याची."

सगळ्यांना पेढा वाटला. मग म्हणाले, "आता विसर्जन," आणि ती ओळ काढून टाकली. प्रोग्राम गचकन बंद पडला. भैयांचा पेढा तोंडातच राहिला. काकाजींचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, पण माघार घेणारा माणूसच नव्हता तो. तो अख्खा दिवस आणि दुसऱ्या दिवशीची दुपार त्या ओळीमागे गेली. प्रिंटरच्या एका जुन्या मॉडेलसाठी कोणीतरी करून ठेवलेली ती मलमपट्टी होती, आणि तो प्रिंटर भंगारात जाऊन जमाना झाला होता. मग काय! दोन दिवस कॉलर ताठ. हार मात्र वाळेपर्यंत मॉनिटरवरच राहिला.

आता टॅगची गोष्ट. भिलाईत वाढलेल्या माणसाला सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. कारखान्यात मशीन दुरुस्तीला घेतली की दुरुस्ती करणारा तिच्या स्विचला आपल्या नावाचा लाल टॅग लावतो. तो टॅग असेपर्यंत स्विचला कोणी हात लावत नाही. आणि टॅग ज्यानं लावला, त्यानंच काढायचा. साहेब असो, साहेबाचा साहेब असो, दुसऱ्यानं नाही. कारण तो माणूस आत असू शकतो. आमच्या घरांमधून पोरांना चपला सरळ ठेवायला शिकवायच्या आधी हे शिकवतात.

काकाजी जवानीत एका खाजगी रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. मिलमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे लांब पळाले आणि हे जाऊन बसले, असं ते ऐटीत सांगायचे. पण त्याच्या आधीचं एक ते कधी पूर्ण सांगायचे नाहीत. त्यांचा जोडीदार मशीनच्या पट्ट्याच्या आत दुरुस्ती करत होता, आणि कोणीतरी घाईत त्याचा टॅग काढून बटण दाबलं. "कोणी आवाजच नाही देल्ला," एवढंच बोलायचे, आणि मग उगीचच मला ओरडायचे की तुझ्या फंक्शनला वास येऊन राहिला.

तर त्यांनी ती रीत आमच्या ऑफिसात आणली. खालच्या दुकानातून मिठाईची लाल खोकी आणून त्यांचे टॅग कापले होते. ज्या फंक्शनची दुरुस्ती काढायची, त्याचं नाव, खाली स्वतःची लफ्फेदार सही, आणि सुतळीनं लिहिणाऱ्याच्या मॉनिटरवर लटकवायचा. टॅग निघेपर्यंत त्यांना विचारल्याशिवाय त्या फंक्शनला हात लावायचा नाही. आम्ही हसायचो, पण लावायचो नाही. पुष्पेंद्र तर टॅगवाल्या मॉनिटरपुढून जाताना आवाजही कमी करायचा.

मी एकदा त्यांच्या घरी गेले होते, हळदीकुंकवाला. पाहते तर काय, या माणसाच्या घरात पाण्याची मोटर लावायची तर आधी जिन्याखालचं बटण वर, मग देवघरामागचं खाली, मग मोटरच्या डब्यावर एक थाप. कुठं मारायची ते फक्त यांना माहीत. पंख्याचं बटण स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघराच्या दिव्याचं ओट्याखाली. सगळी वायरिंग स्वहस्ते केलेली. काकू मला वाण देता देता म्हणाल्या, "ऑफिसात म्हणतात, मले फोन आला नाही पाहिजेन. अन् इथी टाकी भरायची तं यायलेच फोन लावा लागते. मी म्हटलं मिस्त्री बोलवून सरळ करून घ्या, तं दोन दिवस जेवले नाही माणूस!"

मी तेव्हा खूप हसले. हसण्यावारी नेलं, एवढंच.

मग काकाजींचे गुडघे गेले. आमच्या ऑफिसचा जिना उभा, आणि मुलगी बंगळूरला केव्हापासून बोलावत होती. शेवटच्या दिवशी भैयांनी शाल दिली, भाषण केलं, 'अलग आदमी' हा शब्द त्यातही आलाच. काकाजींनी उत्तरादाखल तेच सांगितलं, "फोन करू नोका. आला तं समजीन, माह्या साऱ्या मेहनतीवर पाणी पडलं." सगळ्यांचे डोळे ओले झाले. आम्ही समोसे खाल्ले. आणि निघता निघता त्यांनी खिशातून एक लाल टॅग काढून मधल्या खांबाच्या खिळ्याला अडकवला. त्यावर नाव होतं, 'निव्वळ वजन'. भरलेल्यातून रिकामं वजा करायचं ते फंक्शन, आमच्या सगळ्या धंद्याचा जीव. "हा मी काढीन," एवढंच म्हणाले, आणि न्यायला आलेल्या काकूंचा हात धरून जिना उतरले. दुर्ग स्टेशनवरून संध्याकाळची गाडी होती.

दुसऱ्या दिवशी सगळे त्या खांबाकडे पाहत बसलो. काकाजींनी टॅग लावला, म्हणजे आत काहीतरी भयंकर बिघडलं असणार. आणि टॅग काढायला काकाजीच पाहिजेत. ते तर बंगळूरला. त्यांना विचारायचं, तर फोन करावा लागणार. आणि फोन केला, तर म्हाताऱ्याचं मन मोडणार. अशी आमची गाठ बसली.

तेवढ्यात एका खडी-गिट्टीवाल्याची मागणी आली: धुळीचं वजन कापून पाहिजे. निव्वळ वजनात बदल करणं आलं. पुष्पेंद्रला युक्ती सुचली. टॅग त्या फंक्शनला आहे, त्याच्या कॉपीला तर नाही! त्यानं कॉपी केली, कॉपीत धूळ कापली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, मीही. मग भंगारवाल्यासाठी कॉपी. मग उतई गावातल्या राइस मिलसाठी बारदान्याचं, म्हणजे पोत्यांचं, वजन कापणारी कॉपी, आणि त्याच मिलच्या महिन्याच्या हिशेबासाठी त्या कॉपीची कॉपी. नावं? 'निव्वळ वजन टू', 'निव्वळ वजन न्यू', 'निव्वळ वजन फायनल'. ज्या माणसानं या रोगाशी लढण्यात आमचं जगणं हराम केलं होतं, त्याचाच मान राखता राखता आम्ही तो रोग घरभर पसरवला. आणि रोज सकाळी आल्यावर पुष्पेंद्र त्या टॅगला नमस्कार करायचा!

व्हायचं ते झालं. वजनाचा आकडा वरच्या किलोला न्यायचा की खालच्या, याचा नियम बदलला, तो काही कॉप्यांत बदलला, काहींत राहून गेला. उतईच्या मिलमध्ये पर्चीवर एक वजन आणि महिन्याच्या हिशेबात त्याच गाडीचं दुसरं. धान आणणारे लोक मिलमालकाच्या दारात उभे राहिले, की तुझा काटाच खोटा आहे. मालक तरातरा आमचा जिना चढून आला. त्याचं नाव गावात खराब होत होतं. आठवडाभरात नीट करा, नाही तर मी तुमचा प्रोग्राम काढून फेकतो आणि बाकीच्यांनाही सांगतो, असं बजावून गेला. बाकीचे म्हणजे आमचे सगळेच ग्राहक. ते गेले तर ऑफिसला कुलूप.

भैया म्हणाले, "हटाओ टैग।"

कोणी हललं नाही.

"अरे हटाओ!"

पुष्पेंद्र म्हणाला, "भैया, मेरे बाप ने एक ही चीज़ सिखाई है। दूसरे का टैग नहीं निकालते।"

भैया तणतणत स्वतः खांबापाशी गेले. हात वर केला. त्यांचे काकाही कारखान्यातलेच. हात तसाच खाली आला आणि खिशात गेला. "फोन करो उनको," ते हळूच म्हणाले. पुष्पेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. भैयांनी माझ्याकडे पाहिलं. मराठी मी एकटीच ना!

मी जिन्यात जाऊन बसले. काय सांगायचं याची मनात शंभर उजळणी केली. काकाजी, तुमच्या मेहनतीवर पाणी पडलं, हे कसं सांगतात माणसाला? नंबर लावला. पहिली रिंग पूर्ण वाजलीसुद्धा नाही.

"बोल वं पोरी. कुठी अडलं?"

"काकाजी, सहजच केला होता..."

"सहज कोणी करत नाही. बोल. अन् इतके दिवस कावून नाही लावला?"

"तुम्हीच तर म्हटलं होतं जी, फोन करू नका."

"मनते माणूस!" ते एकदम ओरडले. "निरोपाच्या टायमाले काहीही मनते माणूस. म्हणून का खरंच लावाचा नाही? मी टॅग कायले लावून आलो मंग?"

मी सगळं सांगून टाकलं: कॉप्या, उतई, मिलमालक, भैयांचा हात. ते म्हणाले, "एका चांगल्या तुकड्याच्या येवढ्या कॉप्या केल्या तुमी! जा, ते पयलं फंक्शन उघड अन् वाचून दाखव मले."

मी वर गेले. टॅगला धक्का न लावता, नुसतं वाचायला म्हणून, ते फंक्शन उघडलं. इतक्या दिवसांत कोणी वाचलंही नव्हतं. मोठ्यानं वाचलं. अर्ध्या दमात संपलं. स्वच्छ, सरळ, सगळी नावं जिथली तिथं. धूळ, बारदाना, काहीही कापायचं असेल तर कुठं सांगायचं, त्याची जागासुद्धा करून ठेवलेली.

"काकाजी, यात तर काहीच बिघडलेलं नाही."

"नाही."

"मग टॅग?"

ते उत्तर द्यायचं टाळत राहिले. म्हणाले, "इथी लेकीकडं पाण्याची मोटर आपोआप चालू होते. दिवा आपोआप लागते. काकूले काही विचारा लागत नाही मले. सगळं लय मेंटेन हाय. सोय फार हाय वं." आणि मग म्हणाले, "बरं. आज एक कॉपी मिटव. उद्या फोन लाव, मंग दुसरी सांगतो. एकदम घाई नोको करू."

मी परत जिन्यावर जाऊन बसले आणि रडले, सरळ सांगते. मग डोळे पुसून पहिली कॉपी मिटवली.

रोज फोन, रोज एक कॉपी. काकाजी ओरडायचे, पुष्पेंद्रला स्पीकरवर उभं करून वाचायला लावायचे, त्याची आई काढायचे. पुष्पेंद्र खूश! मिलमालकाची मुदत संपायच्या आत उतईचे दोन्ही आकडे एक झाले. तो पेढे घेऊन आला, आमच्याच खालच्या दुकानातले. आणि शेवटची कॉपी गेली त्या दिवशी सगळे खांबाभोवती जमलो, फोन मध्ये धरला. बंगळूरहून आवाज आला, "अंदर कोणी हाय का?"

भैयाच न राहवून बोलले, "कोई नहीं है, काकाजी।"

"मंग काढ वं पोरी. मी काढला म्हणून समज."

मी टॅग काढला. फोन मात्र कोणीच ठेवीना, ना ते, ना आम्ही. शेवटी काकूंनी जेवायला हाक मारली तेव्हा बंद झाला.

त्यानंतर प्रोग्राम सुरळीत. कुठं काही अडेना. नवीन आलेल्या मुलीनंसुद्धा विचारल्याशिवाय बदल केला आणि तो बरोबर निघाला. काकाजींचं सगळं खरं झालं होतं. आता फोन करायला कारणच उरलं नाही. आम्ही दोन-चार दिवस रिकाम्या खिळ्याकडे पाहत काम केलं, पण कोणाचं मन लागेना.

मग एका सकाळी पुष्पेंद्र खालून मिठाईचं लाल खोकं घेऊन वर आला. कात्री, सुतळी. काकाजींच्या सहीचा लफ्फा त्यानं आधी कागदावर गिरवून पाहिला. पर्चीवर तारीख छापायचं जे फंक्शन आहे, ते काकाजींनी आमच्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतलेलं. आमच्या प्रोग्राममध्ये त्याहून चांगलं काही नाही. त्याचं नाव त्यानं टॅगवर लिहिलं आणि टॅग खिळ्याला लावला. भैयांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मी फोन लावला. रिंग वाजायच्या आतच उचलला.

"काकाजी, तुमचा एक टॅग इथं राहून गेला आहे जी."

काकाजींना स्वतःचे टॅग पाठ असायचे. एकही त्यांच्या हिशेबातून कधी सुटला नव्हता.

"हो," ते सावकाश म्हणाले. "राहिलाच असन. कोन्या फंक्शनवर?"

"तारखेच्या."

"हं. त्याच्यात लय काम हाय. टाइम लागन." मग आवाज एकदम चढला. "पाहून काय राहिली? उभी राह्य, अन् वाच. एका दमात!"

मी खुर्ची मागे सारून उभी राहिले, दम घेतला आणि वाचायला लागले.